धरून की वगळून

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला औषधाच्या दुकानात चिटपाखरू फिरकत नाही. चिटणीस तेवढ्या वेळात गोळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा तपासून घेते. मुदत संपलेली पाकिटं एका खोक्यात, संपत आलेली दुसऱ्यात. तारखांच्या कामात हिचा हात धरणारं कुणी नाही, असं दुकानाचे मालक चारचौघांत सांगतात आणि ती खाली बघून हसते. त्या दिवशीही ती खोकी लावत बसली होती, तेवढ्यात फोनवर लीगच्या कार्यालयाचा लेखी निरोप आला.

निरोप असा होता: ‘आपल्या संघातील एका खेळाडूच्या वयाबाबत हरकत आली आहे. जन्मतारखेच्या पुराव्यासह उद्या सकाळी अकरा वाजता हजर राहावे. हरकत मान्य झाल्यास सदर खेळाडू खेळलेले सर्व सामने गमावल्याचे धरण्यात येईल.’

तिने तो आधी चाळिशी न लावता वाचला, मग चाळिशी लावून वाचला, मग काच पुसून पुन्हा वाचला. मजकूर काही बदलला नाही. परवा फायनल, आणि आज हे! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आता ही चिटणीस कुणाची, ते सांगायला हवं. गावात बायकांची एक व्हॉलीबॉलची लीग आहे, चाळिशी लीग. नावातच सगळं आलं. मुलं मोठी झाली, कंबर धरायला लागली, तरी ज्यांची खाज जात नाही अशा बायका दर रविवारी चार वाजता शाळेच्या मैदानावर जमतात आणि एकमेकींच्या अंगावर चेंडू हाणतात. आठ संघ आहेत. त्यातल्या एका संघाची ही चिटणीस. फॉर्म भरणं, चेंडूत हवा भरणं, जाळी बांधणाऱ्याला फोन करणं, सगळं हिच्या गळ्यात. पूर्वी ती स्वतः खेळायची. तिने चेंडू उचलून द्यायचा आणि शिडीने तो पलीकडे आपटायचा, अशी त्या दोघींची जोडी दहा वर्षं गाजली. मग चिटणीसचा खांदा निखळला. आता ही घरी बसणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पण शिडीने भर मैदानात सगळ्यांना सुनावलं, “ती नसेल तर मीही नाही. तिला चिटणीस करा, पण संघात ठेवा.” तेव्हापासून तिचं नावच चिटणीस पडलं.

शिडी म्हणजे तिची मैत्रीण. नाव उंचीमुळे पडलंय, हे काही वेगळं सांगायला नको. मोठ्या दवाखान्यात ती एक्स-रे काढते.

आणि निरोपाच्या शेवटी जिचं नाव होतं, ती हरकत आलेली खेळाडू म्हणजे वन्सं. चिटणीसची सख्खी धाकटी नणंद. चिटणीस तिला अगं-तुगं करते, पण चिडवायला वन्सं म्हणते, आणि तेच बघून सगळा संघ तिला वन्सं म्हणायला लागला. गेल्या वर्षाअखेर ती बदली होऊन या गावात आली. कुरिअरच्या गोदामात काम करते, दिवसभर पार्सलं उचलते आणि फेकते, त्यामुळे हात असा की चेंडू मारला की समोरची बाई बाजूलाच सरकते. ओळख ना पाळख, संध्याकाळी एकटी खिडकीशी बसायची. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “तुमच्या त्या चेंडूफळीत हिला घ्या की गं. घरकोंबडी होऊन बसलीय पोर.”

घ्यायला कुणाची ना नव्हती. पण यादीत नावं बारा आणि बायका झाल्या तेरा. एकीला वगळायला हवं होतं.

चिटणीसने तीन रात्री विचार केला. कॅप्टनला वगळता येत नव्हतं. दोघी नवीन होत्या, त्यांना वगळलं तर त्या परत आल्या नसत्या. एक जरा तापट होती, तिने आकांडतांडव केलं असतं. राहता राहिली शिडी. तिचा उजवा गुडघा वर्षभर कुरकुरत होता, आणि ती आपली होती. वाईट गोष्ट आपल्याच माणसाला सांगता येते, परक्याला नाही, असा चिटणीसने आपल्या मनाशी हिशेब मांडला. दुपारी शिडी दुकानात गोळ्या न्यायला आली तेव्हा ती म्हणाली, “अगं, तुझा गुडघा बघता या वर्षी तू जरा विश्रांती घेतलीस तर? बाराच नावं बसतात ना.” शिडीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग हसली आणि म्हणाली, “गुडघा माझा मीच रोज फोटोत बघते. बरोबर आहे तुझं.” गोळ्या उचलल्या आणि जाताना ‘थँक्यू’ म्हणाली.

ते ‘थँक्यू’ चिटणीसला काट्यासारखं टोचलं. वीस वर्षांत त्या दोघींत कुणी कुणाला थँक्यू म्हटलं नव्हतं. ‘मर मेले’, ‘गप गं’, ‘तुझ्या नानाची टांग’ हे सगळं झालं होतं, पण थँक्यू नाही. त्यानंतरच्या चार महिन्यांत शिडी एकाही सामन्याला फिरकली नाही. दुकानात यायची, नीट बोलायची, नीट जायची. त्या नीटपणानं चिटणीस हैराण झाली होती. पण म्हणायची, होईल शांत. वन्सं खेळतेय, संघ जिंकतोय, एकदा फायनल जिंकली की शिडीलाही पटेल की केलं ते संघासाठीच केलं.

आणि आता वन्संचंच वय कमी निघत होतं. म्हणजे शिडीला वगळलं ते कशासाठी? तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं आलं, अशी गत होणार होती.

संध्याकाळी घरी पोचताच चिटणीसने चप्पलसुद्धा धड काढली नाही.

“आई, वन्संचं वय किती?”

सासूबाई भाजी निवडत होत्या. “तुला सांगितलं होतं ना मागं. चाळिसावं लागलं.”

“हां, म्हणजे चाळीस झाले ना?”

“झाले कुठे? लागलं म्हटलं मी.”

“मग लागलं म्हणजे झालंच की!”

“अगं बाई,” सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. “मूल जन्मलं की त्याला पहिलं वर्ष लागतं. म्हणून काय ते एक वर्षाचं होतं?”

चिटणीस मटकन खुर्चीत बसली. फॉर्मवर ‘वय’ या रकान्यात तिने आपल्या हाताने, निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात चाळीस लिहिलं होतं. नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं काढलं आणि बोटांवर मोजून सांगितलं, “एकोणचाळीस पूर्ण. चाळीस व्हायला अजून दोन महिने आहेत.” एवढं बोलून ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. या घरात पुरुषांचा उपयोग एवढाच.

वन्सं कामावरून आली ती सगळ्यांचे चेहरे बघून दारातच थबकली.

“वहिनी, काय झालं? कुणी गेलं का?”

“तुझं वय गेलं,” चिटणीस म्हणाली. “तू कधी सांगितलं नाहीस मला, चाळीस पूर्ण नाहीत म्हणून!”

“तू कधी विचारलंस? मी तर सगळीकडे एकोणचाळीसच सांगते. लोकांना वाटतं, चोरतेय.” मग तिचा चेहरा पडला. “म्हणजे माझ्यामुळे सगळे सामने जाणार? वहिनी, मला यायलाच नको होतं तुमच्यात. शिडीताई माझ्याशी बोलत नाहीत ते बरोबरच आहे. कानामागून आली आणि तिखट झाली, असंच वाटत असेल त्यांना.”

चिटणीसने नणंदेच्या पाठीवर हात ठेवला खरा, पण मनात एकच घोळत होतं. शिडीला आता काय तोंड दाखवू? माफी मागायची तर कशाची मागायची? वगळलं त्याची, की चुकीचं वय लिहिलं त्याची, की दोन्हींची? रात्रभर तिने कूस बदलली. एकोणचाळीस, चाळीस, लागलं, झालं, सरलं. पहाटे तिला आपलं स्वतःचं वयही नक्की सांगता आलं नसतं.

लीगचं कार्यालय म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली. टेबल, पत्र्याचं कपाट, कपाटावर धूळ खात पडलेले चषक आणि भिंतीला टेकवलेले जाळीचे दोन खांब. टेबलामागे कलमकाका. हे गृहस्थ उठता-बसता नियमाचं कलम सांगतात. चहा आणणाऱ्यालासुद्धा कुठल्या कलमाखाली साखर कमी घातली म्हणून विचारतील. हरकत घेणारी, फायनलमधल्या समोरच्या संघाची मॅनेजर आधीच येऊन बसली होती. ती दातांची डॉक्टर. हसली तरी माणसाला आपली दाढ दुखल्यासारखी वाटते.

चिटणीसबरोबर वन्सं होती आणि कॅप्टन होती. कॅप्टन शाळेत गणित शिकवते. येताना तिने कागदावर वन्संचं वय वर्ष, महिने, दिवस असं काढून आणलं होतं आणि ते प्रत्येक वेळी तेवढंच येत होतं, हे दुर्दैव.

“बाईंना चाळीस पूर्ण नाहीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “जन्माचा दाखलाच सांगतो. लीग चाळिशीची आहे. मला वाटतं, बोलण्यासारखं काही उरत नाही.”

चिटणीसला खरंच काही बोलण्यासारखं उरलं नव्हतं. ती म्हणाली, “काका, चूक माझी आहे. घरात ‘चाळिसावं लागलं’ म्हणाले, मी चाळीस लिहिलं. मुद्दाम नाही केलं.”

कलमकाकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “काय म्हणाले घरात?”

“चाळिसावं लागलं.”

त्यांनी नियमांची पुस्तिका उघडली. पिवळं मुखपृष्ठ, तळहाताएवढी. दर वर्षी प्रत्येक खेळाडूला एक मिळते आणि दर वर्षी प्रत्येक खेळाडू ती कुठेतरी ठेवून देते. काकांनी बोट ओलं करून पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं, “कलम चार. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी ज्या महिलेस चाळिसावे वर्ष लागलेले आहे, ती खेळण्यास पात्र राहील.”

कॅप्टनने आपला कागद उलटा केला, मग सुलटा केला.

“लागलेलं म्हणजे पूर्ण झालेलंच!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“असं कसं?” काका म्हणाले. “भूक लागली म्हणजे जेवण झालं का?”

“नियम करणाऱ्यांना पूर्णच म्हणायचं असणार. चाळिशी म्हणजे चाळीस!”

“चाळिशी म्हणजे चष्मासुद्धा. मग काय चष्मा लावणारीलाच खेळू द्यायचं? बाई, कुणाला काय म्हणायचं असणार, याला कलम नाही. लिहिलंय ते लिहिलंय. एकोणचाळीस पूर्ण झाले त्या दिवशी चाळिसावं लागलं. ते या बाईंना गेल्या वर्षी लागलं, स्पर्धा सुरू झाली यंदा. हरकत फेटाळली.”

“पण फॉर्मवर चाळीस लिहिलंय, ते खोटं ना?”

“चुकीचं आहे,” काका म्हणाले आणि लाल पेनाने चाळीस खोडून एकोणचाळीस लिहिलं. “एकोणचाळीस लिहिलं असतं तरी मी पासच केलं असतं. चुकून चुकीचं लिहिलंय आणि तरी बरोबर आहे. असं होतं कधी कधी.”

चिटणीसला नीटसं काही कळलं नाही. म्हणजे सासूबाई म्हणाल्या ते बरोबर होतं, तिने लिहिलं ते चूक होतं, पण तिने जे केलं ते बरोबर होतं? तिने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनही गणितात नापास झाल्यासारखी बसली होती. तेवढ्यात वन्संने तिच्या गळ्यात हात टाकले आणि ती भोकाड पसरून रडायला लागली, तेव्हा कुठे चिटणीसच्या डोक्यात उजेड पडला की संघ वाचला, उद्या फायनल आहे आणि आपण खेळतोय. डॉक्टरीणबाई पर्स उचलून तरातरा जिना उतरून गेल्या.

सगळ्या उठायला लागल्या तसं काका यादीचा कागद परत फायलीत लावता लावता म्हणाले, “एक विचारू का? कलमाबाहेरचं आहे. तुम्हाला तेरावी बाई मिळाली नाही का यंदा?”

“तेरावी कशी मिळेल?” चिटणीस हसून म्हणाली. “मर्यादा बाराची ना!”

“बाराची. कर्णधार वगळून.”

“म्हणजे?”

“म्हणजे कर्णधार एक आणि खेळाडू बारा. कलम सात, पान नऊ. बाकी साती संघांत तेरा आहेत. तुम्ही दर वर्षी कर्णधाराचं नाव दोनदा लिहिता, हे बघा. वर ‘कर्णधार’ लिहिलंय तिथे एकदा, आणि खाली एक नंबरला पुन्हा. मला आपलं वाटायचं, माणसं कमी पडतात म्हणून एक रेघ भरून काढताय.”

चिटणीसने कागद ओढून घेतला. वर कॅप्टनचं नाव. खाली एक नंबरला कॅप्टनचं नाव. तिने बोट ठेवून मोजलं. बारा. मग वरचं धरून मोजलं. तेरा, पण एक बाई दोनदा. मग खालचं वगळून मोजलं. तिने पुन्हा मोजलं. आजवर संघात बाराच्या वर बाई कधी आलीच नव्हती, म्हणून हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. यंदा आली. आणि यंदा त्या एक नंबरच्या रेघेवर, जिथे कॅप्टन उगाचच दुसऱ्यांदा बसली होती, तिथे शिडीचं नाव बसलं असतं.

“मग आत्ता लिहू या,” ती घाईने म्हणाली. “काका, पेन द्या. आत्ता लिहिते मी.”

“आत्ता लिहून काय उपयोग? साखळीत दोन सामने खेळलेलीच फायनलला उतरू शकते. कलम अकरा.” काकांनी तिचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. “होती का कुणी?”

“होती,” चिटणीस म्हणाली.

जिन्यात कॅप्टनने तिचा दंड धरला. “हे बघ, झालं गेलं. मीही न वाचता सही केली, गाढवच आहे मी. पण आता शिडीला सांगायला जाऊ नकोस. तिला काय माहीत तेरा असतात की बारा? गुडघ्यामुळे बसलेय, असं समजून ती गप्प आहे. तू सांगशील तर उगाच झाकली मूठ उघडी पडेल. उद्याची फायनल होऊ दे.”

बोलणं शहाणपणाचं होतं. वन्सं नुसती चिटणीसकडे बघत राहिली. चिटणीसने दोघींना वाटेला लावलं आणि दुकानात आली. दुपारभर तिने एकाला पित्ताच्या गोळ्या सर्दीच्या म्हणून दिल्या आणि दुसऱ्याला सुट्टे पैसे दोनदा दिले. मालक म्हणाले, “बाई, बरं नाही का?” ती म्हणाली, “नाही.” पाचला निघाली ती घरी न जाता दवाखान्याकडे वळली. कॅप्टनचं म्हणणं तिला पटलं होतं, तरी पाय ऐकत नव्हते. शिडीने तिच्यासाठी भर मैदानात भांडण केलं होतं, आणि तिला शिडीसाठी एक पान उलटता आलं नव्हतं.

एक्स-रेची खोली तळमजल्यावर, लांब बोळाच्या शेवटी. दारावर लाल दिवा, बाहेर एक बाक. बाकावर पायाला पट्टी बांधलेला एक म्हातारा आणि त्याची सून. दिवा विझला, दार उघडलं आणि शिडी बाहेर आली. नेहमीसारखीच चौकटीखाली किंचित वाकून.

“तू?” ती म्हणाली. “काय झालं? कुणी पडलं का?”

“नाही. तुझ्याशी बोलायचं होतं.”

“बोल ना.”

नीट, शांत, अनोळखी आवाज. चिटणीसने वाटेत चार वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एक आठवेना.

“तेरावी जागा होती,” ती म्हणाली. “यादीत. बारा म्हणजे कर्णधार वगळून बारा. मी कॅप्टनला दोनदा लिहिलं. तुला वगळायची गरजच नव्हती. मला आज कळलं. काकांनी सांगितलं. मी...”

शिडीने दार पाठीमागे ओढून घेतलं.

“आज कळलं?”

“आज. अकरा वाजता.”

“पान नऊ,” शिडी म्हणाली. “कलम सात.”

“तुला माहीत होतं?”

“तू मला सांगितलंस त्याच रात्री वाचलं. म्हटलं, बघू, कुठे फट सापडते का. सापडली. मी इतकी खूश झाले होते की पुस्तिका घेऊन तुझ्या दुकानाच्या दारापर्यंत आले होते सकाळी.”

“मग आत का नाही आलीस?”

“तू आत वन्संला टी-शर्ट लावून बघत होतीस. माझा नंबर होता त्याच्यावर. आणि मला वाटलं, अगं, ही तर चिटणीस. चार वर्षं फॉर्म भरतेय. दिवसभर बारीक अक्षरातल्या तारखा वाचते. हिला माहीत नसेल होय? हिला माहीत आहे. जागा आहे हे माहीत असून ही मला नाही म्हणतेय. म्हणजे हिला मी नको आहे. गुडघा सांगायला बरा आहे.”

“अगं, नाही गं! देवाशपथ नाही. मी वाचलंच नव्हतं. कधीच वाचलं नव्हतं.”

“हे आज कळतंय मला.”

बाकावरचा म्हातारा आणि सून दोघं कान देऊन ऐकत होते. चिटणीसला त्याचं भान नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “विचारायचं ना मला एकदा! माझ्या तोंडावर पुस्तिका फेकायची. शिव्या घालायच्या. चार महिने नुसतं थँक्यू, थँक्यू!”

“काय विचारू?” शिडीचा आवाज आता पहिल्यांदा चढला. “जागा असून मला का काढलंस, असं विचारू? आणि तू खरं कारण सांगितलं असतंस तर? तू काही बोलली नसतीस आणि नुसतं खाली बघितलं असतंस, तर मी काय केलं असतं? त्यापेक्षा न विचारलेलं बरं वाटलं मला.”

आपण आळशीपणाने एक पान उलटलं नाही, आणि त्या पानावर ही बाई चार महिने एकटी बसून राहिली, हे चिटणीसला आत्ता, इथे, या बोळात कळत होतं. तीन रात्री तिने कुणाला वगळायचं याचाच विचार केला होता, शिडीला ठेवता कसं येईल याचा एकदाही नाही.

“मी किती नावं ठेवली तुला मनातल्या मनात,” शिडी म्हणाली. “दगाबाज म्हटलं. नणंदेची झाली म्हटलं. आणि तू नुसती बावळट निघालीस.” तिला हसू आलं, ते मध्येच अडकलं, आणि तिने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. “बावळटावर रागवायचं तरी कसं माणसाने? चार महिन्यांचा राग साठवून ठेवला होता मी. आता त्याचं काय करू, ते सांग.”

“घाल मला शिव्या. आत्ता घाल.”

“मर मेले,” शिडी म्हणाली. पण त्यात जोर नव्हता.

दोघी भिंतीला टेकल्या. म्हाताऱ्याची सून हळूच म्हणाली, “ताई, आमचा नंबर...” शिडीने हाताने ‘एक मिनिट’ अशी खूण केली.

“उद्या किती वाजता?” तिने विचारलं.

“चारला. तुला उतरता येणार नाही, काकांना विचारलं मी. पण तू ये. बाकावर माझ्या शेजारी बस. नुसती बस.”

शिडी दाराची कडी धरून उभी होती. “उद्या ड्यूटी आहे माझी,” ती म्हणाली. “फायनलपर्यंतचे सगळे रविवार मीच मागून घेतलेत. घरी बसून चार वाजलेले बघवत नव्हते गं मला.”

मग ती म्हाताऱ्याला आधार देऊन आत घेऊन गेली. दार लागलं आणि लाल दिवा पेटला.